सात नंबरची मशीन

खंडेनवमीला आमच्या घरात मिक्सर चालत नसे. शिलाईची मशीन, कपडे धुवायची मशीन, एका वर्षी तर छताचा पंखासुद्धा, सगळ्यांना त्या दिवशी सुट्टी. चटणी हवी असेल तर खलबत्त्यात कुटा, नाहीतर लोणच्यावर भागवा. हा कायदा बाबांचा. "वर्षभर राबते ती, एक दिवस बसू दे तिला," असं ते म्हणायचे, आणि आई माझ्याकडे बघून भुवया उडवायची, की मीही वर्षभर राबते, मला कोण बसू देतंय! आई गेली, कायदा राहिला.

बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत टर्नर होते. म्हणजे लेथवर काम करायचे. लोखंडाचा दांडा मशीनमध्ये गरगर फिरवत ठेवायचा आणि त्याला टूल लावून हवा तेवढा उतरवून घ्यायचा. सव्वीस वर्षं त्यांनी एकाच मशीनवर काढली. तिचा नंबर सात. त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर नव्हतं, पण ते सात नंबरने नाही, आधीच्या मशीनने नेलं, हे ते कुणी विचारलं नाही तरी सांगत. 'माझी बायको' म्हणताना लाजणारा हा माणूस 'माझी मशीन' मात्र भरल्या पंगतीत म्हणायचा.

खंडेनवमीला कंपनीत घरच्यांना आत सोडायचे. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा गेले होते. आईने कागदाच्या पुडीत कुंकू बांधून दिलं होतं. शेडमधल्या सगळ्या मशिनी रॉकेलने पुसून लख्ख केलेल्या, प्रत्येकीच्या गळ्यात झेंडूची माळ. बाबांनी मला उचललं आणि मी सात नंबरला कुंकू लावलं. कुठे लावलं ते आठवत नाही. झेंडूचा आणि रॉकेलचा एकत्र वास आठवतो, आणि काखेत बाबांचे हात.

पुढे मी चित्रकलेचा डिप्लोमा केला आणि बदलापूरच्या एका शाळेत चित्रकलेच्या बाई झाले. मला खरं तर शिल्पं करायची होती, पण शिल्पांना पगार नसतो. मी नोकरीला लागले त्याच वर्षी कंपनी बंद पडली. आधी दोन महिन्यांसाठी म्हणाले, मग कायमचीच. मशिनी कित्येक वर्षं शेडमध्ये तशाच उभ्या होत्या. एक दिवस त्या विकल्या गेल्याचं कळलं. कंपनीचे जुने फोरमन कुणाच्या तरी लग्नात भेटले, ते बाबांना म्हणाले, "राजकोटला गेल्या. चालू मालात गेल्या, भंगारात नाही. तुझी सात नंबर तर पहिली उचलली असेल बघ."

हे वाक्य बाबांनी देवघरात ठेवल्यासारखं जपलं. दर खंडेनवमीला ते कपाटातून आपलं व्हर्निअर काढायचे, ज्याने ते मापं घ्यायचे ते. पाटावर ठेवून त्याला कुंकू लावायचे, झेंडूचं फूल वाहायचे आणि म्हणायचे, "तिकडे तिलाही कोणीतरी लावलंच असेल." मी एकदा चिडवलं, "बाबा, राजकोट आहे ते. नवरात्रात तुमची मशीन गरबा खेळत असेल." ते हसले. म्हणाले, "खेळू दे की. चालतेय ना!" कंपनी गेली, आई गेली, गुडघे गेले. पण आपली मशीन कुठेतरी चालते आहे, तिच्यापुढे कोणीतरी उभा आहे, या एका गोष्टीवर माझा बाप उभा होता. मला हे माहीत होतं. माहीत असूनही मी जे केलं ते सांगते.

कंपनीची जागा बिल्डरने घेतली. शेडचे पत्रे निघाले, आत टाकळा आणि सुबाभूळ माजलं. परवानग्या अडकल्या होत्या म्हणून काम सुरू व्हायला वेळ होता. तेवढ्यात मुंबईतल्या काही कलाकार मंडळींनी ती जागा तीन आठवड्यांसाठी मागून घेतली, उघड्यावर शिल्पांचं प्रदर्शन भरवायला. बिल्डरला काय, फुकटात गर्दी होत होती. गेटवर एका बाजूला प्रदर्शनाचा फलक आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या टॉवरचा, त्यात निळाशार स्विमिंग पूल आणि पुलात एक गोरी बाई. अंबरनाथमध्ये ती बाई कुठून येणार होती देव जाणे.

त्यांना स्थानिक कलाकार हवे होते. मला फोन आला तेव्हा मी नववीच्या वह्या तपासत होते. आयोजक मुलगी, असेल तिशीची, फोनवर 'स्मृती' आणि 'अवकाश' हे दोन शब्द इतक्या वेळा म्हणाली की मी मोजणं सोडून दिलं. पण जागा कुठली ते ऐकलं आणि मी जागच्या जागी हो म्हटलं. बाबांच्या कंपनीत, बाबांच्या शेडच्या जागी, मी बाबांचा पुतळा उभा करणार होते. तोही त्याच कंपनीच्या लोखंडातून. वीस वर्षं मुलांना सफरचंदाची छाया कशी काढायची ते शिकवल्यावर माणसाला असं काही सुचलं की त्याचं डोकं फिरतं. माझं फिरलं.

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका सिंधी भंगारवाल्याचं मोठं आवार आहे. त्या कंपनीचा माल त्याच्याकडे आला होता, असं ऐकलं होतं. मी गेले. तो गल्ल्यावर बसून चहा पीत होता. मला बसायला खुर्ची दिली, आधी चहा पाजला आणि मग म्हणाला, "दीदी, उसी कंपनी का है, झूठ नाही बोलणार. तीन लेथ आल्या होत्या. दोन राजकोटवाला घेऊन गेला, चालू में. ही एक राहिली."

"ही का राहिली?"

"यही सबसे ज्यादा चली है ना. घिसली पूर्ण. घिसलेली कोण घेणार?"

आवाराच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली ती होती. नंबराची पितळी पट्टी कधीच काढून विकलेली. मी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या. तिच्या एका चाकाची मूठ मला फार आवडली. बाकीच्या मुठींपेक्षा बारीक होती, आणि तिच्यावर एका जागी खाच पडली होती. हात लागून लागून झिजली असेल, असं मला वाटलं. मी मनात म्हटलं, हीच. माझ्या माणसाचा हात हाच.

आता वाटतं, माझी नजर चांगली होती. तेवढीच चांगली होती.

त्याच आवारात त्याच्या माणसांनी मला मशीन सुटी करून दिली. लेथचं लांबलचक अंग बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं असतं. बीड गॅसने नीट कापलं जात नाही. "मॅडम, ये कटता नहीं, टूटता है," असं म्हणून एकाने घण उचलला. तिसऱ्या घावाला ते फुटलं. आतला करडा, दाणेदार भाग उघडा पडला. मी फोटो काढला. छान दिसत होता तो भाग, म्हणून काढला. तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे.

दोन तुकडे झाले ते पाय. मशीनच्या डाव्या टोकाला गिअरची जड पेटी असते, तिला हेडस्टॉक म्हणतात, ती झाली छाती. वर डोक्याच्या जागी चक, म्हणजे काम पकडून ठेवणारा तो गोल जबडा. आणि पुढे वाकलेल्या दांड्याच्या टोकाला ते चाक आणि ती मूठ. सगळं नटबोल्टने जोडलं, कारण बीडाला वेल्डिंगही धड लागत नाही. नंतर मी स्वतः ग्राइंडर घेतला आणि तारेच्या ब्रशने एकेक भाग घासायला बसले. हेडस्टॉकच्या मागच्या अंगाला तळहाताएवढा लाल थर होता, जाड, पोपडे धरलेला. गंज तरी असेल नाहीतर रेड ऑक्साइडचा जुना रंग. बाकी सगळं तासाभरात निघालं, तो थर मात्र निघता निघेना. मी हट्टाला पेटले. एक संपूर्ण दुपार घालवून मी तो मुळापासून काढला, खालचा धातू आरशासारखा केला. शिल्पाचा सगळ्यात चकचकीत भाग तोच झाला. आयोजक मुलगी म्हणाली, "मॅम, इथे लाइट काय सुंदर पडतोय!" मीही मान डोलावली.

प्रदर्शन चांगलं झालं, हे कबूल करायला हवं. जीन्सच्या चिंध्यांचा एक हत्ती होता, सायकलच्या चेनचा एक धबधबा होता, मातीत अर्धवट पुरलेला सिमेंटचा एक कान होता, त्यात पोरं तोंड घालून ओरडायची. शिफ्ट सुटलेली माणसं रिक्षा थांबवून आत यायची. माझ्या माणसापुढे वाकून उभं राहून फोटो काढून घ्यायची. शाळेतल्या मुख्याध्यापिका येऊन गेल्या, "तुम्ही एवढं करता हे माहीतच नव्हतं" म्हणाल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा मला कुणी नुसतं 'चित्रकलेच्या बाई' म्हणून हाक मारत नव्हतं. मला ते आवडत होतं. लपवून काय करू?

फक्त बाबा येत नव्हते. कंपनी बंद झाल्यापासून त्यांनी त्या गेटमध्ये पाय ठेवला नव्हता. मी रोज घरी येऊन भुणभुण लावायचे.

"मशीन कुठली वापरलीस?" त्यांनी एकदाच विचारलं.

"तुमच्याच कंपनीतली. भंगारात पडली होती."

"मग माझी नसेल," ते शांतपणे म्हणाले आणि पेपर वाचू लागले. "माझी चालू आहे."

तिथे मी थांबायला हवं होतं. पण माझा हट्ट वेगळाच होता. बाबांनी माझं काम कधी पाहिलं नव्हतं. डिप्लोमाच्या प्रदर्शनाला त्यांची सेकंड शिफ्ट होती. या वेळी त्यांनी यायलाच हवं होतं. बघायला हवं होतं, की मुलीने बापाचा पुतळा केलाय, आणि म्हणायला हवं होतं, की चांगला झालाय. पंचेचाळीस वर्षांच्या बाईला हे शोभत नाही, पण मला ते हवं होतं. शेवटच्या दिवशी सकाळी मी त्यांचा शर्ट इस्त्री करून खाटेवर ठेवला आणि म्हटलं, "आज संपतंय. उद्या काढून टाकणार. नाही आलात तर मी पुन्हा विचारणार नाही."

ते आले. बदलापूरहून रिक्षाने आणलं मी त्यांना. गेटपाशी उतरून ते क्षणभर थांबले, चप्पल काढावी की काय अशा बेताने पायाकडे पाहिलं, आणि आत आले. हत्ती बघितला. धबधब्याची चेन बोटाने हलवून "ही अजून चालली असती" म्हणाले. मग माझ्या माणसापुढे येऊन उभे राहिले.

मी बाजूला उभी होते, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तशी. ते पुढे झाले आणि त्यांनी मूठ धरली. सहज, सवयीने धरावी तशी. तीन बोटं वर गेली आणि तर्जनीचं ते अर्धं बोट त्या खाचेत जाऊन बसलं. घट्ट बसलं.

तेव्हा मला कळलं. त्यांना माझ्याआधी कळलं असेल.

"ही मी बनवली होती," ते म्हणाले. "कंपनीची मूठ हातात बसत नव्हती. जेवणाच्या सुट्टीत उतरवून घेतली. खाच कानशीने घातली."

मी काहीतरी बोलले असेन. ते ऐकत नव्हते. ते मूठ सोडून पुतळ्याच्या मागे गेले. हेडस्टॉकच्या मागच्या अंगाला त्यांनी तळहात टेकवला, जिथे लाइट सुंदर पडत होता तिथे. हात इकडे फिरवला, तिकडे फिरवला. अंधारात बटण चाचपावं तसा.

"इथलं कुंकू?"

"काय?"

"अगं, कुंकू. दरवर्षीचं. पाण्यात नाय कालवायचं, मशीनच्याच तेलात कालवायचं, म्हणजे धरतं. आणि मागच्या वर्षीचं पुसायचं नाय, त्याच्यावरच नवं लावायचं. सव्वीस वर्षांचं होतं इथे. तू पण लावलेलंस एकदा. मी उचललं होतं तुला."

मला खोटं बोलता आलं असतं. म्हणता आलं असतं, की भंगारवाल्याने काढलं. पण तोंडातून खरंच निघालं. "मी घासलं, बाबा. मला गंज वाटला."

त्यांनी वाकून तो भाग डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, पूर्वी काम पुरं झाल्यावर पाहायचे तसा. अंगठा फिरवला. एक ओरखडा नव्हता.

"साफ घासलंयस," ते म्हणाले.

ज्याची मी पंचेचाळीस वर्षं वाट पाहत होते ती माझ्या कामाला मिळालेली दाद हीच. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी रडून मोकळी झाले असते. एका कामगाराने दुसऱ्याच्या हाताला दिलेली ती दाद होती, आणि ती देताना त्यांचा चेहरा असा झाला होता की मी पुन्हा तिकडे पाहू शकले नाही.

तेवढ्यात आयोजक मुलगी धावत आली. हे तुमचे वडील का, म्हणाली. ह्यांनीच इथे काम केलं ना, दोन शब्द बोला ना काका, कॅमेरा चालूच आहे. मी नको नको म्हणत होते. बाबा कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "मशीन चांगली होती." एवढंच. मुलगी "वाव" म्हणाली.

परतताना रिक्षात त्यांनी एकच प्रश्न विचारला. "तिथेच होती? उल्हासनगरला?"

"हो."

"सगळी वर्षं?"

"हो बाबा."

बदलापूरपासून उल्हासनगर काही लांब नाही. दर महिन्याला ते डोळे तपासायला तिकडेच जायचे.

दुसऱ्या दिवशी आपापली शिल्पं उचलायची होती. प्रदर्शन तात्पुरतं आहे हे पहिल्या दिवसापासून सांगितलेलं होतं, तक्रार करायला जागा नव्हती. जीन्सचा हत्ती एका शाळेने नेला. सिमेंटचा कान तिथेच राहिला, नंतर टॉवरच्या पायलिंगच्या मशीनखाली गेला. माझा माणूस ठेवायचा कुठे? आमचं घर दोन खोल्यांचं. सोसायटीच्या सेक्रेटरींना मी जिन्याखालची जागा मागितली, ते म्हणाले, "मॅडम, उद्या मुलं चढतील, पडतील, जबाबदारी कोणाची?" शाळेने आभार मानले आणि नाही म्हटलं. शेवटी हायड्रा क्रेन बोलावली आणि जिथून आणला तिथेच परत पाठवला. भंगारवाल्याने माझ्याकडे बघून मान खाली घातली. "दीदी, आता तो भट्टीतच जाणार," म्हणाला. "तुकडे झालेत ना." ते फोडले कोणी हे तो बोलला नाही. भला माणूस आहे.

मूठ तेवढी मी काढून घेतली.

आठ महिने ती माझ्या पर्समध्ये होती, मग कपाटात, मग पुन्हा पर्समध्ये. बाबांना द्यायचा धीर होत नव्हता. ते पहिल्यासारखेच वागत होते, म्हणजे बाहेरून. पेपर वाचायचे, औषधं घ्यायचे. फक्त पूर्वी कुठून ठकठक आली, कुठे मोटर फिरली की कान देऊन "बेअरिंग गेलंय हिचं" असं काहीतरी म्हणायचे, ते बंद झालं. खाली पाण्याचा पंप दोन दिवस केकाटत होता, त्यांनी मान वर केली नाही.

खंडेनवमी आली. मी सकाळीच स्टेशनाजवळून झेंडू आणला. पाट मांडला, व्हर्निअर ठेवलं, त्याच्या शेजारी ती मूठ ठेवली. वाटीत शिलाई मशीनचं तेल घेतलं आणि त्यात कुंकू कालवलं, पाण्यात नाही. मग त्यांना हाक मारली.

ते आले. पाटाकडे पाहिलं. मूठ उचलली, एकदा हातात धरली. बोट बसलं. पुन्हा होती तशी ठेवली.

"लावा ना, बाबा," मी म्हटलं.

"चालणारीची पूजा करतात गं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, एखाद्या नव्या पोराला काम समजावून सांगावं तसं म्हणाले. "आपण तिला बसू देतो ते एक दिवस. दुसऱ्या दिवशी ती चालायला पाहिजे."

मी वाटी हातात धरून बसून राहिले. ते स्वयंपाकघरात गेले. भांड्याचं झाकण वाजलं, ओलं खोबरं ठेवलेला डबा उघडल्याचा आवाज आला. मला वाटलं, पाणी घेत असतील. मग मिक्सर सुरू झाला. बाबा चटणी वाटत होते.